सैल दोर

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या एकाचाही बसलेला नाही. एक गडी तर अर्ध्यातून उठून गेला आणि जाताना काडेपेटीही घेऊन गेला. पण आज बाहेर वारा असा सुटलाय की छतावर उभं राहिलं तर माणूस वाळत घातलेल्या शर्टासारखा उडून जाईल. काम बंद आहे. पत्ते खेळून तुम्हाला कंटाळा आलाय. शिवाय या नव्या पाहुण्याला वारा पडला की पहिल्यांदा दोरावर उतरायचंय. तेव्हा गोष्ट ऐकून घ्यायलाच हवी.

हा पाहुणा गावाकडे बायकांच्या हातात बांगड्या भरायचा, म्हणून आपण त्याला कासार म्हणायला लागलो. आल्यापासून बिचारा भिंतीला पाठ लावून बसलाय, जणू भिंत पळून जाणार आहे. पण सकाळी त्याने एक काम झकास केलं. आपल्या स्वयंपाक्याच्या तळहातात फळीचं कुसळ घुसलं होतं. याने तो हात खिडकीशी नेला, दुसराही मागून घेतला, दोन्ही उलटेसुलटे करून पाहिले आणि सुईच्या टोकाने दोन कुसळं अशी अलगद उपसली की स्वयंपाक्याला 'हाय' म्हणायलाही फुरसत मिळाली नाही. हातांचा माणूस आहे म्हणा ना.

तर गोष्ट त्या स्वयंपाक्याचीच. आत पीठ मळतोय तो. आपण सगळे त्याला दाजी म्हणतो. का म्हणतो, ते तुमच्यातल्या एकालाही माहीत नाही. जरा जवळ सरका. मधली भिंत फळीची आहे.

दाजी गावाकडे विहिरींचा गाळ काढायचा. म्हणजे तो स्वतः खाली उतरत नसे. या धंद्यात उतरणारे वेगळे आणि धरणारे वेगळे. दाजी धरणाऱ्यांतला, त्याचा बापही धरणाऱ्यांतलाच. खाली माणूस चिखलात उभा, वर काठावर दाजी, आणि मध्ये दोर. हातात दोर असला की दाजीला खालचं सगळं कळायचं. माणूस गुडघाभर पाण्यात आहे की कमरेएवढ्या, त्याला राग आलाय की भूक लागलीय, सगळं. खालच्याने जांभई दिली की वर याला झोप यायची. हसू नका. खालच्याला बायकोची आठवण आली म्हणून वर हा लाजून लाल झालेला गावाने पाहिलाय.

या धरणाऱ्यांचे दोन नेम होते. पहिला असा की खाली माणूस असेपर्यंत वरच्याने पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. खालच्याला जे मिळत नाही ते वरच्यानेही घ्यायचं नाही. दुसरा नेम दोराचा. ताणलेल्या दोरावर माणूस असतो. सैल दोरावर कुणी नसतं. विहिरीच्या तोंडाशी सैल दोर पडलेला दिसला की लगेच सोडवून त्याचं वेटोळं करून ठेवायचं, नाहीतर त्यात कुणाचा तरी पाय अडकतो आणि तो धरायला कुणी नसताना आत जातो. लहानपणी एकदा दाजीने सैल दोर तसाच टाकला, तेव्हा बापाने त्याच दोराच्या टोकाने त्याच्या पोटऱ्या फोडल्या होत्या. तेव्हापासून तो नेम डोक्यात नाही, हातात जाऊन बसला. डोक्यातलं माणूस विसरतो. हातातलं विसरता येत नाही.

मग गावोगाव जमिनीला भोकं पाडणारी मशीनं आली. विहिरीत लोक कचरा टाकायला लागले, आणि कचऱ्यात उतरायला दोर धरणारा कोण बोलावतो? दाजी दोर खुंटीला टांगून बसला. हात नुसते मांडीवर. बायको म्हणायची, "दोर नसला की तुम्ही माझीच वेणी धरून बसता."

तिचा धाकटा भाऊ शहरात होता. त्याला धाकटाच म्हणू. उंच इमारतींच्या काचा धुवायचा, तुम्ही धुता तशाच. एकदा तो नवे बूट घालून गावी आला आणि म्हणाला, "दाजी, आमच्या छतावर दोर सांभाळायला माणूस हवाय. तुमचंच काम. फक्त इथे विहीर उलटी करून आभाळात उभी केलीय."

निघायच्या दिवशी बायकोने दोघांचं सामान बांधलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही, ती त्यातली नव्हती. नवऱ्याला म्हणाली, "आई गेली तेव्हा हा रांगत होता. माझ्या हातावर वाढलाय. तिकडे हा लोंबकळतो, त्याचा दोर कोण धरतं या विचाराने मला इतके दिवस घास गिळवत नव्हता. आता तुम्ही धरा. दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

"ताई, मी काय म्हैस आहे का?" धाकटा म्हणाला.

"म्हैस असतास तर जास्त जपलं असतं. दूध तरी दिलं असतंस."

अशी हसतखेळत पाठवणी झाली. पण दाजीने ते ऐकलं आणि गाठ मारावी तसं मनात पक्कं बांधून ठेवलं.

शहरात त्याला खोली मिळाली ती याच्याहून वाईट. झोपायच्या फळ्या एकावर एक, आणि एकेका फळीवर पाळीपाळीने दोघं. रात्रपाळीवाला उठला की दिवसवाला आडवा. गादी कधी थंडच व्हायची नाही. दाजीला त्याची शिसारी यायची. कुणाच्या तरी उबेत झोपायचं, आणि त्याचं तोंडसुद्धा माहीत नाही! गावात शेजाऱ्याच्या म्हशीचा स्वभाव त्याला माहीत होता. इथे त्याच्या उशीवर रोज कुणाचा तरी केस असायचा, आणि तो कुणाचा हे सांगायला कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी तो लिफ्टपाशी अडला. लिफ्टवाल्याला म्हणाला, "वर दोर कोण धरतं?"

"कोण म्हणजे? मशीन."

"मशीनला कुणी सांगितलंय का, मधेच सोडायचं नाही म्हणून?"

"काका, मागे लोक थांबलेत. चढा नाहीतर बाजूला व्हा."

दाजी बाजूला झाला. जिन्याने निघाला. आता ती इमारत केवढी होती म्हणाल, तर खाली दाढी करून चढायला लागलेल्या माणसाला छतावर पोहोचेपर्यंत पुन्हा खुंट फुटायचे. मधल्या मजल्यांवर तर ऋतू वेगळा असायचा. मुकादम छतावर वाट बघून बघून—

"आबा, जरा कमी ताणा," जाड्या मधेच म्हणतो. "तुटेल."

बरं, कमी ताणतो. मुकादमाने शिव्या घातल्या एवढं तरी खरं धरा. शेवटी धाकट्याने दाजीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, "विहिरीत उतरताय असं समजा," म्हणाला आणि हाताला धरून लिफ्टमध्ये नेलं. दाजीने त्याचं मनगट असं आवळलं की संध्याकाळपर्यंत त्यावर बोटं उमटलेली होती. धाकटा ती सगळ्यांना दाखवत फिरला. "बघा, आमच्या दाजींनी धरलं की असं असतं."

छतावर मात्र दाजीला बरं वाटलं. काठ होता, खाली खोल होतं, दोर होता. धाकट्याने सगळं समजावून सांगितलं. "हा पांढरा कामाचा. यावर माझी बसायची फळी. आणि हा लाल, तो जिवाचा. एक टोक माझ्या पट्ट्याला, दुसरं या लोखंडी कडीला. कामाचा तुटला तर हा मला पकडणार."

"पण हा तर सैल आहे."

"सैलच असतो."

"मग याच्यावर कोण आहे?"

"मीच की."

"आणि त्या पांढऱ्यावर?"

"तिथंही मीच."

"एक माणूस दोन दोरांवर कसा असेल?"

"दाजी, शहर आहे हे. इथे एका माणसाला दोन दोन नोकऱ्या असतात, मग दोर दोन असले तर काय बिघडलं?"

दाजीच्या डोक्याला पटलं. हाताला पटलं नाही. पहिले काही दिवस हात आपोआप लाल दोराकडे जायचा, गोळा करायला. धाकटा ओरडायचा, "लालला हात नाही!" आणि दाजी चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचा. हळूहळू त्याने हाताला रंग शिकवला. लाल दिसला की थांब.

दाजीचं मुख्य काम कठड्याशी. कठड्याला पत्र्याची कड होती, धारेची. कामाचा दोर तिच्यावर घासू नये म्हणून खाली गोणपाटाची जाड घडी ठेवायची, आणि ती सरकली की पुन्हा नीट करायची. दाजी घडीशेजारी मांडी घालून बसायचा, दोरावर तळहात ठेवून, वैद्याने नाडी धरावी तसा. डोक्यावर ऊन, खाली तापलेला सिमेंटचा गिलावा, आणि पाणी नाही. मुकादम म्हणायचा, "अरे पाणी पी. मेलास तर मला दुसरा शोधावा लागेल." दाजी नुसती मान हलवायचा. धाकटा वर आला की आधी बाटली दाजीच्या तोंडाला लावायचा. "दाजी, पाणी प्या," हे त्याचं वर आल्यावरचं पहिलं वाक्य. मग आपण प्यायचा.

तुम्ही पाहिलं असेल, आजही तुमच्यातला शेवटचा गडी खाली येईपर्यंत आपला स्वयंपाकी पाण्याला शिवत नाही. आज कुणीच वर गेलेलं नाही, म्हणून सकाळपासून पितोय बिचारा.

"खाली काय दिसतं रे?" दाजी धाकट्याला विचारायचा.

"माणसं. काचेमागे बसलेली. मी त्यांच्या नाकासमोर फडकं मारतो आणि ती माझ्यातून आभाळ बघतात. एकीने तर मला आरसा समजून केस नीट केले."

"मग तू काय केलंस?"

"मीही केले. आरसा आहे म्हटल्यावर करायला नकोत?"

आता तो दिवस.

इमारत नवी होती. नेहमीचे दोर दुसऱ्या टोळीने नेले होते, म्हणून मुकादमाने गोदामातून जुने आणले. दोन्ही सारखेच, मातकट. धाकट्याने ते पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "आज लाल नाही दाजी. लक्षात ठेवा, सैल तो जिवाचा."

"सैल तो जिवाचा," दाजी म्हणाला. धाकटा पाय टाकून कठड्यापलीकडे गेला.

जिवाचा दोर गरजेपेक्षा लांब होता. कडीला गाठ मारून उरलेला बराचसा छतावर लोळत पडला होता. इतक्यात मुकादम धावत आला. पाण्याचा ड्रम खाली मागच्या बाजूला अडकला होता. इमारतीत कुणी बडी मंडळी आली होती, आणि त्यांच्यासाठी कामगारांना लिफ्ट बंद. ड्रम मागच्या कठड्यावरून ओढून घ्यायचा होता.

"दोर कुठाय?" दाजीने विचारलं.

"दोर कुठाय काय विचारतोस? एवढा रिकामा दोर पडलाय समोर!"

रिकामा. या एका शब्दाने घात केला. दाजी गोणपाटाजवळून उठला. ते लोळणारं टोक त्याने मागच्या बाजूला नेलं, कठड्यावरून खाली सोडलं. थोडं कमी पडलं. खाली ड्रमपाशी उभा असलेला माणूस ओरडत होता, मुकादम ओरडत होता. दाजी कडीपाशी परत आला. त्याने दोर चाचपला. डोकं 'थांब' म्हणालं असेल, नसेल, कुणास ठाऊक. रंग थांबवायला नव्हता. हाताला दोर सैल लागला, आणि सैल दोरावर कुणी नसतं हे त्या हाताला बापाने पोटऱ्या फोडून शिकवलं होतं.

त्याने कडीची गाठ सोडली.

दोर पुरला. दोघांनी मिळून ड्रम वर ओढला. मुकादम "शाबास" म्हणून जिन्याकडे गेला. दाजीने ड्रमची गाठ सोडली, आणि छतावर सैल दोर पडलेला त्याला बघवेना, म्हणून कडीशेजारी बसून त्याचं वेटोळं घातलं. फेऱ्यावर फेरा, कुठे पीळ नाही, कुठे गुंता नाही. बाप असता तर आयुष्यात पहिल्यांदा बरं म्हणाला असता. मग तो कठड्याशी आला, मांडी घालून बसला आणि कामाच्या दोरावर तळहात ठेवला.

दोर बारीक लागला.

त्याने खाली पाहिलं. गोणपाटाची घडी सरकून बाजूला पडली होती. ड्रम वर येईपर्यंतचा सगळा वेळ दोर पत्र्यावर घासत होता. एकेक पेड सुटून केसासारखा उभा राहिला होता. "धाकट्या!" दाजी ओरडला. वाऱ्याने ते तोंडातच परत कोंबलं. त्याने कडेखालचा दोर धरायला हात घातला, आणि त्याच्या बोटांपासून वीतभर अलीकडे शेवटचा पेड गेला. दोर गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या तळहाताला खालचं काहीच कळेना.

मग पाठीमागे सळसळ झाली. वेटोळं सुटत होतं. फेऱ्यामागून फेरा उचलला जात होता, कठड्याकडे धावत होता. कुठे अडकत नव्हता, कुठे गुंतत नव्हता. कारण तो दाजीनेच लावला होता.

...

गप्प का झालात? इथूनच तर मजा आहे. इथूनच लोक उठून जातात. तू नको उठूस, कासारा.

तर दाजीने उडी घेतली. अशी उडी की बसल्या जागेवर त्याची सावली मागे राहिली. वेटोळ्याचा शेवटचा फेरा कठड्यावरून जाता जाता त्याने दोन्ही हातांनी धरला! दोर हातातून सरकायला लागला. तळहातांतून धूर निघाला, पांढरा. पत्र्याच्या कडेला पाय रोवून तो असा मागे रेलला की अख्खी इमारत त्याच्या बाजूला कलली. आतल्या बड्या मंडळींचा चहा बशीत सांडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काचेमागची माणसं उठून बाहेर बघायला लागली. बाहेर धाकटा लोंबकळत होता! एकीने तर त्याला हात केला.

दाजीने सोडलं नाही. हाताखाली हात घेत, हाताखाली हात घेत, त्याने धाकट्याला उतरवलं. वरची मंडळी घरी गेली, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी हा उतरवतोच आहे. जिवाचा दोर संपला तर याने आपलं धोतर जोडलं. आणि धाकटा जमिनीला लागला तो इतका अलगद की बुटांखालची धूळ हलली नाही. वर मान करून ओरडला, "दाजी, पाणी प्या!"

"आता धाकटा कुठाय?" जाड्या विचारतो.

आहे की. लांब कुठेतरी. स्वतःचं दुकान आहे, पोट सुटलंय. तुझ्याएवढंच.

"मग दाजी कधी गावी का जात नाहीत? सुट्टीला आपण सगळे जातो. ते भांडी घासत बसतात."

जातील रे. कामं असतात माणसाला. आणि बायको तिकडे आनंदात आहे. भाऊ सुखरूप, नवरा मिळवता, अजून काय हवं? मुद्दा तो नाही. मुद्दा असा की कासारा, तू बिनघोर उतर. धरणारा धरतो. खोटं वाटत असेल तर तो दोर दाजीच्या तळव्यात हाडापर्यंत गेला होता, आजही दोन्ही हातांवर आडवी खाच आहे. बोट ठेवलं तर बोट बसेल एवढी.

कासार भिंतीपासून पाठ सोडवून पुढे सरकतो. फळीपलीकडे पीठ मळायचा आवाज थांबलाय.

"आबा," तो म्हणतो, आणि हळू बोलायचं त्याच्या लक्षातही राहत नाही, "सकाळी ते दोन्ही हात मी उजेडाला धरून पाहिलेत. खाच कसली, साधा ओरखडाही नाही त्यांवर. दोर त्यांच्या हाताला लागलाच नाही."